पायवाटेसाठी एक अपवाद



आजचा आमचा विषय ऐकून काहींना तो व्याख्यानमालेपेक्षा कचेरीतल्या फायलीलाच अधिक शोभेल, असे वाटण्याचा संभव आहे. अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी बांधलेल्या वसाहतीला पायी जाण्यायेण्याची एक वाट मिळावी आणि तिच्यासाठी बांधकामाच्या नियमातून सूट मिळावी, एवढाच तो विषय आहे. परंतु ज्याचे दोन पाय हेच वाहन, त्याच्या आयुष्याचा केवढा भाग अशा फायलीत बांधून पडलेला असतो, हे आपल्यापुढे मांडावे असा आमचा मानस आहे.

स्वस्त घर म्हणजे काय? २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेने दुर्बल घटकाच्या घरासाठी ३० चौरस मीटरपर्यंतच्या चटईक्षेत्राचे माप ठरविले. किंमत ठरली, क्षेत्र ठरले. पण त्या घरातून शाळेला, दवाखान्याला, बसथांब्याला पायी जायला किती वेळ लागावा, याचे माप कोणी ठरविले? घर स्वस्त होते, कारण जमीन स्वस्त असते. आणि जमीन स्वस्त असते, कारण ती दूर असते. म्हणजे जी रक्कम खरेदीखतात वाचली, तीच माणूस पुढे रोज पायांनी फेडीत राहतो.

ही गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्याही नजरेतून सुटलेली नाही. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात १९८५ साली निकाल देताना न्यायालयाने ओळखले की, ही माणसे कामाच्या ठिकाणाजवळ राहतात ती हौसेने नव्हे. जाण्यायेण्यात जाणारा वेळ आणि पैसा त्यांच्या तुटपुंज्या मिळकतीला परवडत नाही, म्हणून. आता त्याच माणसाला आपण पक्के घर देतो, याचा आनंद मानू. पण पक्क्या घराभोवती आठ फुटांची पक्की भिंत बांधून त्याची वाट मात्र लांबवितो. एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले, असाच हा प्रकार झाला.

आमच्या वसाहतीचेच उदाहरण घ्या. तिच्या मागच्या भिंतीपासून शाळा आणि बसथांबा सरळ रेषेत सुमारे तीनशे मीटरवर आहेत. मधल्या दोन भूखंडांमध्ये दोन मीटर रुंदीची एक मोकळी पट्टी पडून आहे. तिच्यातून गेले तर चार मिनिटे पुरतात. पण वाट बंद असल्यामुळे पुढच्या फाटकाने, हमरस्त्याने वळसा घालून दीड किलोमीटर जावे लागते. धडधाकट माणसाला अठरा-वीस मिनिटे लागतात. काखेत मूल, हातात पिशवी असलेल्या बाईला किंवा काठी टेकीत जाणाऱ्या म्हाताऱ्याला किती लागतात, ते सांगायला नको. शिवाय त्या हमरस्त्यावर अवजड गाड्यांची वर्दळ असते. आम्ही ती पट्टी मागितली, तेव्हा कचेरीतून उत्तर मिळाले की, पोचमार्गाला नियमाने जी रुंदी लागते ती येथे नाही. उत्तर खोटे नव्हते. पण तो नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोटार होती, माणूस नव्हता. मोटारीला दोन मीटर अपुरे. दप्तर घेतलेल्या दोन मुलांना ते पुष्कळ झाले.

येथे आम्हांला खेड्याची आठवण होते. कोकणात घराघराला जोडणारी पाखाडी असते, देशावर शेताकडे जाणारी पाणंद असते. हे केवळ रिवाज नव्हेत, कायदाही त्यांची बूज राखतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४३ अन्वये शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून वाट हवी असेल, तर तहसीलदार चौकशी करून निर्णय देतो; आणि तो देताना शेतकऱ्याची गरज वाजवी आहे काय, हे पाहतो. नांगराला जी सोय, ती दप्तराला का नसावी?

कोणी म्हणेल, शहरात १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा आहेच. तो आहे. पण वहिवाटीचा हक्क सांगायचा तर वीस वर्षांचा अखंड व उघड वापर लागतो. नव्या वसाहतीने तो कोठून आणावा? आणि गरजेच्या आधाराने हक्क मागावा, तर दुसरी वाट मुळीच नाही असे दाखवावे लागते. लांब का होईना, वाट आहे, म्हणून तेही दार बंद. तेव्हा अपवाद मागणे हाच मार्ग उरतो.

अपवाद या शब्दाला भिण्याचे कारण नाही. १९१६ साली न्यूयॉर्क शहराने आपले पट्टे पाडण्याचे नियम केले, तेव्हा त्यांबरोबरच दाद मागण्यासाठी मंडळही नेमले. नियम आणि त्यातील खिडकी ही जुळी भावंडे आहेत. आपल्याकडेही तसेच आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांत, तसेच राज्यातील बहुतेक इतर शहरांसाठी २०२० साली आलेल्या एकत्रित नियमावलीत, उघड अडचण दिसत असेल तर चटईक्षेत्रासारख्या काही गोष्टी सोडून इतर मोजमापांत सूट देण्याचा अधिकार ठेवलेला आहे. अट एवढीच की, आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना बाध येता कामा नये. मोजमापाने भागत नसेल आणि आराखड्यातच फरक करावयाचा असेल, तर १९६६ च्या नगररचना अधिनियमाचे कलम ३७ आहे. त्यात राजपत्रात सूचना निघते, हरकतींसाठी एक महिना मिळतो आणि मंजुरी राज्य सरकार देते. हा रस्ता लांबचा. म्हणून आम्ही आधी पहिला धरला आहे.

अपवादांची बदनामी झाली आहे, हे आम्ही जाणतो. सवलत गरिबाच्या नावाने मागावी आणि मजले दुसऱ्यानेच चढवावे, असे घडलेले लोकांनी पाहिले आहे. म्हणून प्रत्येक अपवादाला दोनच प्रश्न विचारावेत. याचा लाभ कोणाला? आणि नियमाचा मूळ हेतू राखला जातो की मोडतो? पायवाटेतून कोणाला एक चौरस फूटही विकता येत नाही. आणि पोचमार्गाचा हेतू माणसाने सुखरूप घरी पोचावे हाच असेल, तर ही वाट तो हेतू मोडीत नाही, पुरा करते.

शेजारच्या रहिवाशांची हरकत आहे की, वाट उघडली तर चोर येतील, मोटारसायकली घुसतील. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. दोन्ही तोंडांना दगडी खुंट रोवावेत, दिवे लावावेत, वाट वाकडी न ठेवता सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसेल अशी ठेवावी, आणि झाडलोटीची जबाबदारी आम्ही घ्यावी, असे आम्ही अर्जातच लिहून दिले आहे. पण काही हरकतींच्या तळाशी चोराची भीती नसते. गरिबाची मुले आपल्या खिडकीखालून जातील, एवढेच शल्य असते. त्या शल्यावर नियमाचे पांघरूण घालू नये, अशी आमची विनंती आहे.

ज्यांना असा अर्ज करावयाचा आहे त्यांना एवढेच सांगू. रडगाणे लिहू नका, नकाशा जोडा. दोन्ही वाटा पावलांनी नव्हे, टेपाने मोजा. कोणत्या नियमातून नेमकी किती सूट हवी, ते लिहा. त्याहून तसूभर अधिक मागू नका. अग्निशमन दलाचा बंब कोठून येईल, हे आपणच दाखवा. आणि शक्य असेल तर घरे बांधून होण्यापूर्वी, रेखांकन कागदावर असतानाच मागा. कागदावरची वाट पेन्सिलीने निघते. भिंत उभी राहिली म्हणजे तिला पहार लागते.

आमच्या अर्जाचा निकाल अद्याप लागलेला नाही. तो कसाही लागो. शहराने माणसाला घर दिले असे केव्हा म्हणावे? किल्ली हाती पडली तेव्हा नव्हे. त्या घरातून निघालेले मूल आपल्या पायांनी, न भिता, वेळेवर शाळेत पोचले म्हणजे म्हणावे. ही कसोटी आपण सर्वांनी आपापल्या गावच्या नव्या वसाहतींना लावून पाहावी, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.