रॅकेटचं वजन किती ते नंतर, आधी वजन कुठे आहे ते सांगा

जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, जिथून ऐकताय तिथे आवाज नीट येतोय असं धरून सुरुवात करतो.

टेनिस खेळणाऱ्या पोरांचा एक प्रश्न फिरून फिरून येतो. "दादा, टॉपस्पिनसाठी 300 ग्रॅमची रॅकेट घेऊ की 285 ची?" आणि पाठोपाठ, "नदाल कोणती वापरायचा?" पंधरा-वीस हजारांचा मामला आहे भो. आपल्याकडे चार रॅकेट आठवडाभर खेळून बघायची आणि मग एक घ्यायची, अशी चैन फार कमी जणांना मिळते. फोनवर फोटो बघायचा, ग्रॅम वाचायचे, घरच्यांना पटवायचं आणि ऑर्डर टाकायची. म्हणून आज फक्त हेच.

आधी एक प्रयोग करा. घरातली हातोडी दांड्याला धरून फिरवा. मग उलटी करा, लोखंड मुठीत धरा आणि दांडा फिरवा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी ती काडीसारखी फिरते. काट्यावर काही बदललं नाही, बदललं ते वजन हातापासून किती लांब आहे ते. रॅकेट फिरवताना हाताला जे जड लागतं त्याला स्विंगवेट म्हणतात. यात अंतराचा वर्ग येतो. म्हणजे तोच ग्रॅम दुप्पट लांब ठेवला की चौपट जाणवतो.

आता स्पिन कुठून येतो? बॉल तारांवर साधारण 5 मिलिसेकंद असतो. तेवढ्या वेळात मनगट वळवून काही साधत नाही. त्या क्षणी रॅकेटचं डोकं खालून वर किती वेगाने चाललंय, तारा बॉलला किती धरतात आणि सरकून किती झटक्यात जागेवर येतात, यावर स्पिन ठरतो. नदालच्या फोरहँडचा स्पिन मोजला तेव्हा सरासरी मिनिटाला 3200 फेऱ्यांच्या आसपास निघाली होती. सॅम्प्रस-अगासी 1800-1900 च्या घरात. हा फरक एकट्या रॅकेटचा नाही. त्याचा हात, खालून वर जाणारा स्विंग, पॉलिएस्टरच्या तारा, सगळं त्यात आहे. तारांचं महत्त्व बघायचं तर 1977 ची 'स्पॅगेटी' रॅकेट आठवा. तारा अशा काही बांधल्या होत्या की बॉल भलताच फिरायचा. नास्तासेने ती घेऊन व्हिलासची क्ले कोर्टवरची लांबलचक विजयमालिका मोडली आणि ती रॅकेट बंदच झाली. असो, तारांवर वेगळा भाग करू.

वजनाकडे येऊ. डोकं हलकं असेल तर ते वर पटकन जातं, स्पिन मिळतो. मग सगळ्यांनी हलकीच का घेऊ नये? कारण समोरून जोरात बॉल आला की हलकं डोकं मागे ढकललं जातं, बॉल मधोमध नाही बसला तर मुठीत वळतं, आणि तो झटका कोपराला बसतो. उलट डोकं फार जड असेल तर पहिला सेट मस्त जातो. तिसऱ्या सेटला, त्यातही आपल्या मे महिन्यातल्या 44-45 डिग्रीत, हात दमतो, डोकं वर जायचं थांबतं आणि टॉपस्पिनचा सपाट फटका होतो. मोठ्या भावाची जुनी जड रॅकेट तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या हातात दिली की हेच दिसतं. कोच ओरडतो, "खालून वर!" पोराला कळतं सगळं, पण डोकं वर जातच नाही.

दुकानातली 'हलकी' रॅकेटही फसवते. 260 ग्रॅम लिहिलेलं असतं, पण वजन पुढे सरकवलेलं. विल्सनने तर अशा हलक्या पण पुढे जड रॅकेटच्या मालिकेला नावच 'हॅमर' दिलं होतं! म्हणून ग्रॅमबरोबर बॅलन्सचा आकडा बघायचा. रॅकेट साधारण 68.5 सेंटिमीटर लांब, म्हणजे मध्य 34.25 वर. पट्टीच्या कडेवर रॅकेट आडवी तोलून धरा आणि मुठीच्या टोकापासून ती जागा मोजा. 34.25 पेक्षा कमी आलं तर वजन हाताकडे, जास्त आलं तर डोक्याकडे. तारा लावल्या की हा बिंदू सेंटिमीटरभर पुढे जातो, हे धरून चाला.

वजनाला काटा हवा, तर जळगावात काट्याची काय कमी! सराफ बाजारात मिलिग्रॅम मोजतात. आपल्याला किचनमधला एक ग्रॅमचा काटा पुरतो. मोजाच, कारण एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटमध्येही 5-7 ग्रॅमचा फरक निघू शकतो.

आता खिशाला परवडणारी गोष्ट: लेड टेप, म्हणजे शिशाची चिकटपट्टी. समजा रॅकेट 300 ग्रॅम, बॅलन्स 32. डोक्याच्या टोकाला 2 ग्रॅम लावले तर बॅलन्स अडीच मिलिमीटरही हलत नाही, पण स्विंगवेट साधारण 7 ने वाढतं. तारा लावलेल्या रॅकेटचं स्विंगवेट 320 च्या आसपास धरलं तर हे दोन टक्के झाले. तेच 2 ग्रॅम दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी, एकेक ग्रॅम लावले तर स्विंगवेट जवळपास निम्मंच वाढतं आणि रॅकेट मुठीत वळायची कमी होते. टॉपस्पिन मारणाऱ्याचा बॉल बऱ्याचदा मधोमध बसत नाही, म्हणून मी आधी बाजूंनाच लावायला सांगतो. आणि मुठीत 10 ग्रॅम घातले तर? काट्यावर 310 दिसेल, बॅलन्स 8 मिलिमीटर हाताकडे येईल, स्विंगवेट जवळपास तेवढंच राहील.

शिसं विषारी असतं, हे विसरू नका. लावल्यावर हात धुवा, वरून ग्रिपची टेप गुंडाळा आणि घरात लहान भावंडं असतील तर उरलेला रोल वर ठेवा.

आणि तपासायचं असं. खेळायला सुरुवात केल्या केल्या तिरपे 20 फोरहँड मारा, जाळ्यात किती गेले ते फोनवर लिहा. तासभर खेळून दमल्यावर परत 20. दुसऱ्या वेळी जाळ्यात जाणारे बरेच वाढले, तर डोकं वर जात नाहीये. एक ग्रॅम काढा आणि पुढच्या रविवारी परत मोजा. हे सगळं जुन्या रॅकेटवर, नवी मागवायच्या आधी. तुमचे आकडे मला पाठवा, पुढच्या भागात तारांच्या टेन्शनबरोबर तेही घेऊ.