रानातल्या मक्याला नाव कुणी दिलं?

(गेल्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका साथींनी केलेलं भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे. जे पाडे शिबिराला येऊ शकले नाहीत, तिथे बैठकीत वाचून दाखवावं. – संपादक)



काल रात्री आपण मक्याची कणसं भाजून खाल्ली. मी चार खाल्ली. (हशा) तेव्हाच ठरवलं, की आज जमिनीच्या गोष्टीला मक्यापासूनच सुरुवात करायची.

हा मका मूळचा आपल्याकडचा नाही. आपली नागली, वरई आजी-पणजीपासूनची आहे. मका मात्र समुद्रापलीकडून आला, चार-पाचशे वर्षांमागे. तो तयार केला मेक्सिको नावाच्या देशातल्या आदिवासींनी. हजारो वर्षांपूर्वी त्यांनी एका रानगवताचं बी निवडत निवडत, दरसाल चांगलं तेवढं राखून ठेवत, त्याचं हे एवढं कणीस केलं. त्यांच्याकडे ना विद्यापीठ होतं, ना कृषी अधिकारी. त्या रानगवताला तेओसिंते म्हणतात. हा शब्द तिथल्या नाहुआ आदिवासींच्या भाषेतून आलेला आहे, आणि त्याचा अर्थ होतो 'देवाचं कणीस'. आपल्याकडे तळ्याकाठी न पेरता उगवतो त्या भाताला देवभात म्हणतात, तसंच हे. माणसाने पेरलं नाही, म्हणजे देवाने पेरलं. आपल्या काही भागांत गुरांसाठी मकचरी पेरतात, तीही याच घराण्यातली.

आता गोष्ट. मेक्सिकोच्या पश्चिमेला, हालिस्को आणि कोलिमा या दोन राज्यांच्या हद्दीवर एक डोंगररांग आहे. सिएरा दे मनान्तलान. आपल्या सह्याद्रीहून उंच. तिची वरची शिखरं २८०० मीटरच्याही वर जातात. खाली उष्ण, कोरडं रान. वर ओक आणि पाइनची झाडं, आणि त्यातच कायम धुक्यात भिजलेलं दाट जंगल. तिथे नाहुआ आदिवासींची आणि गरीब शेतकऱ्यांची गावं आहेत. ते डोंगरउतारावर रान तोडून, जाळून दोन-तीन सालं मका-घेवडा घेतात, मग ती जागा पडीक सोडतात आणि दुसरीकडे जातात. आपल्या दळीसारखंच की! त्यांनाही सरकारी माणसं म्हणतात, तुम्ही जंगल जाळता.

१९७६ साल संपता संपता अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले ह्यू इल्टिस नावाचे प्राध्यापक नववर्षाचं शुभेच्छापत्र छापतात. त्यावर तेओसिंतेच्या एका जातीचं चित्र. ही जात मक्यासारखी एका सालात मरत नाही. मुळापासून दरसाल पुन्हा फुटते, आपल्या उसाच्या खोडव्यासारखी. १९१० साली ती मेक्सिकोत सापडली होती, पण पुढे रानातून नाहीशी झाली असंच सगळे धरून चालले होते. ते पत्र ग्वादालाहारा शहरातल्या विद्यापीठात पोचलं. तिथल्या बाईंनी विद्यार्थ्यांना सांगितलं, शोधून दाखवा. रफाएल गुस्मान नावाचा विद्यार्थी कामाला लागला आणि त्याला ती जात खरोखर सापडली. मग तो आणखी एका ठिकाणी गेला, मनान्तलानच्या डोंगरात. तिथेही तसंच दरसाल फुटणारं तेओसिंते उभं होतं. त्याने बी अमेरिकेला पाठवलं.

तिकडे ते पेरलं, उगवलं आणि तपासलं. प्रत्येक जिवाच्या पेशीत बारीक धागे असतात, त्यांना गुणसूत्रं म्हणतात. जुन्या जातीत हे धागे ४० होते. डोंगरातून आलेल्या या झाडात निघाले २०. आणि आपल्या मक्यातही २० च! म्हणजे ही वेगळी जात, आणि मक्याशी तिचं सोयरं जुळतं. संकर केला तर पुढे बी धरतं. दरसाल न पेरता येणाऱ्या मक्याची स्वप्नं लोकांना लगेच पडायला लागली. ते काही झालं नाही. पण मक्यावरच्या कितीतरी विषाणूरोगांना ही जात दाद देत नाही, हे मात्र पक्कं ठरलं. याची किंमत केवढी, ते लक्षात घ्या. १९७० साली अमेरिकेत मक्यावर करपा पडला आणि देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं, कारण बहुतेक शेतांत एकाच घराण्याचं संकरित बी होतं. एक झोपडी पेटली की ओळीतल्या सगळ्या पेटतात, तसं झालं. म्हणून बी-कंपन्यांना रानातले भाऊबंद हवे असतात.

जानेवारी १९७९ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात ही जात जाहीर झाली. नाव ठेवलं झीआ डिप्लोपेरेनिस. 'झीआ' म्हणजे मक्याचं कुळ. 'डिप्लो' म्हणजे धाग्यांचे दोनच संच. 'पेरेनिस' म्हणजे साल-दरसाल जगणारी.

आता जात जाहीर करतात कशी, ते सांगतो, कारण तिथेच आपला मुद्दा आहे. झाड फुलासकट उपटायचं, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवायचं. मग जाड कागदावर चिकटवून खाली लेबल लावायचं: कुठे मिळालं, किती उंचीवर, कुठल्या तारखेला, कुणी गोळा केलं. यातला एक कागद 'मूळ नमुना' ठरतो. तो संस्थेच्या कपाटात कायमचा राहतो, आणि पुढे वाद झाला तर तोच शेवटचा पुरावा. मग झाडाचं वर्णन लिहायचं. पान किती रुंद, तुऱ्याला फांद्या किती, दाणा कसा, जवळच्या जातीपासून वेगळेपण कशात. आणि हे वर्णन २०११ पर्यंत लॅटिन भाषेत लागायचं! ती आज कुठल्याच गावात बोलत नाहीत. (हशा) छापून आलं की जात 'आहे' असं ठरतं. त्याआधी ती शास्त्राच्या लेखी नसतेच. आणि नावाच्या मागे, ज्यांनी वर्णन केलं त्यांची आडनावं लागतात. इथे तीन आहेत: इल्टिस, डोब्ली, गुस्मान.

या पद्धतीला मी नावं ठेवत नाही, हे स्पष्ट सांगतो. मी स्वतः तेच काम करतो. कुणीही उठून 'नवीन झाड सापडलं' म्हणू नये, म्हणून हा कडक नियम हवाच. रफाएलचीही त्यात चूक नाही; त्या पोराने डोंगर तुडवला.

पण मनान्तलानच्या लोकांना ते झाड १९७९ च्या आधीपासून माहीत होतं. त्यांच्यात त्याला दोन नावं होती. काही गावांत चापुले, काही गावांत मिल्पिया. मिल्पा म्हणजे मक्याचं शेत, मिल्पिया म्हणजे लहानसं शेत. ते गुरांना ते चारत होते, कुठल्या उतारावर उगवतं ते त्यांना ठाऊक होतं. मक्याचं नातेवाईक आहे हे त्यांनी नावातच सांगून ठेवलं होतं, धागे न मोजता.

मी विद्यार्थी असतानाची गोष्ट. झाडं गोळा करायला एका घाटातल्या पाड्यावर गेलो होतो. तीन दिवस एक म्हातारी आजी माझ्याबरोबर फिरली. कुठला कंद कधी खणायचा, कुठली भाजी पहिल्या पावसानंतर आठच दिवस खायची, कुठल्या फुलाला कुठलं पाखरू येतं, सगळं तिने सांगितलं. मी त्रेचाळीस कागद केले. लेबलावर 'स्थानिक नाव' असा रकाना होता, तो घाईत मी निम्म्याहून जास्त कागदांवर कोराच ठेवला. 'गोळा करणारा' या रकान्यात माझं नाव. आजीचं एकाही कागदावर नाही. ते कागद आजही कपाटात आहेत. आजी गेली. रकाने आता कोण भरणार?

तुमच्या दळीचं, एकसाली प्लॉटचं हेच झालं नाही का? तुम्ही, तुमचा बाप, त्याचा बाप कसत आला. पण कपाटातल्या कागदावर नाही, म्हणून तुम्ही 'अतिक्रमणदार'. डिसेंबर १९७८ च्या सरकारी निर्णयाने ३१ मार्च १९७८ च्या आधीची अतिक्रमणं नियमित करायची ठरवली. मग साहेबाने विचारलं, पुरावा काय? ज्यांनी गार्डाकडून दंडाची पावती घेतली, राखली, त्यांच्याकडे काहीतरी होतं. ज्यांच्याकडून कोंबडी घेतली आणि पावती दिलीच नाही, ते हात चोळत बसले. ("बरोबर! बरोबर!") आणि १९८० साली वनसंवर्धनाचा कायदा आला, तेव्हा दार आणखी अरुंद झालं.

आता मिल्पियाचं पुढे काय झालं, ते ऐका. एवढं मोलाचं झाड म्हटल्यावर ते राखायला हवं. ग्वादालाहाराच्या विद्यापीठाने तिथे डोंगरात संशोधन केंद्र काढलं आणि मार्च १९८७ मध्ये सरकारने सगळी डोंगररांग राखीव केली, सुमारे १ लाख ३९ हजार हेक्टर. लाकूड कंपन्या कित्येक वर्षं ते रान तोडत होत्या. गावं त्यांच्याशी भांडत होती, त्यात माणसंही मारली गेली. राखीव झाल्यावर मोठी तोड थांबली. हे लोकांच्या फायद्याचंच झालं. गावंही उठवली नाहीत. निम्म्याहून जास्त जमीन गावांच्या सामाईक मालकीची आहे, ती तशीच राहिली. त्या सामाईक मालकीला ते एहिदो म्हणतात. १९१० च्या क्रांतीत रक्त सांडून मिळवलेला हक्क आहे तो, १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमातला. हक्क कागदावर पक्का होता, म्हणून 'राखीव' म्हणजे 'बाहेर व्हा' असं झालं नाही. आपल्याकडे भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ ला जाहीर झालं, तिथल्या लोकांना विचारा फरक काय तो.

पण गाभ्याच्या भागात शेती आणि गुरं बंद झाली. आणि तिथे अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या ध्यानात एक गोष्ट आली. मिल्पियाला ऊन लागतं. दाट सावलीत ती टिकत नाही. ती फोफावते ती लोकांनी तोडून, कसून, पडीक सोडलेल्या तुकड्यांत. शेती थांबली की त्या तुकड्यात आधी झुडपं येतात, मग झाडं, आणि मिल्पिया मागे हटते. म्हणजे ज्या झाडाच्या नावाने डोंगर राखला, ते झाड ज्यांना 'जंगल जाळणारे' म्हणतात त्यांच्याच कुऱ्हाडीने आणि कोयत्याने मोकळ्या झालेल्या जागेत जगत आलं होतं!

यातून उगाच भलताच अर्थ काढू नका. सगळं रान तोडलं तर मिल्पिया वाढेल, असं नाही. मोठं रान उभं हवं, त्यात लहान तुकडे हवेत, आणि तुकडा पुन्हा रानाला परत द्यायला हवा. आपल्या आजोबांना हा हिशोब ठाऊक होता. जमीन कमी पडल्यावर, तीही हिसकावल्यावर, तोच तुकडा दरसाल कसावा लागला आणि हिशोब मोडला. आपल्यातही काहीजण ठेकेदाराला साग तोडून देतात, तेही इथे बोललं पाहिजे.

आणखी एक. मेक्सिकोत १९९२ ला ते २७ वं कलम बदललं. तेव्हापासून एहिदोची जमीन विकता येते. मनान्तलानमध्ये लोखंडाची खाण आहे, लाकडावर नजर आहे. तिथल्या नाहुआ लोकांची लढाई संपलेली नाही.

मी येताना वीस वह्या आणल्यात. जेवणानंतर पाड्यापाड्याचे गट करू. प्रत्येक गटात एक तरी म्हातारं माणूस हवं, आणि लिहिता येणारं एक पोर. पानाच्या एका बाजूला झाडाचं तुमचं नाव, कुठल्या महिन्यात काय खाता, कशाला वापरता, आणि सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव. दुसऱ्या बाजूला ते झाड कुणाच्या प्लॉटात, कुठल्या ओहोळाच्या काठी, तो प्लॉट कोण किती सालांपासून कसतो, शेजारी कोण. झाडाच्या ओळखीची खात्री नसेल तर फांदी फुलासकट वर्तमानपत्रात दाबून ठेवा, मी नेऊन बघतो. नेताना वहीत माझी सही घ्या. विसरू नका. दंडाच्या जुन्या पावत्या असतील तर त्यांचा नंबर आणि तारीख त्याच पानावर लिहा, मूळ पावती कुणाला देऊ नका.

(भाषणानंतर अकरा पाड्यांनी वह्या घेतल्या. एका बाईंनी विचारलं, "लॅटिनमधी आमच्या आयचं नाव लिवता येतं का?" साथी म्हणाले, येतं, वर्णन करणारा ज्याचं ठेवील त्याच्या नावावरून जातीचं नाव ठेवता येतं. उरलेल्या वह्या कार्यालयात आहेत, पुढच्या बैठकीला येताना घेऊन जाव्यात.)