शिंदीतली भेसळ

पहाटे झाडावरून उतरवलेली शिंदी गोड असते, दिवस चढेल तशी आंबत जाते. पण झाडं थोडी आणि गिऱ्हाईक फार, म्हणून काही जण तिच्यात पाणी नि सॅकरिन घालतात आणि नशा चढावी म्हणून अल्प्राझोलाम, डायझेपाम किंवा क्लोरल हायड्रेट मिसळतात. तेलंगणात अशी भेसळ वारंवार पकडली गेली आहे. ही झोपेची औषधं दारूसोबत पोटात गेली, तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो.

रोज पिणाऱ्याच्या शरीराला या औषधांची सवय लागते. ती एकाएकी तुटली, की हात थरथरतात, झोप उडते, माणूस असंबद्ध बडबडतो, कधी झटके येतात. घरच्यांना वाटतं, बाहेरची बाधा झाली! मग अंगारे-धुपाऱ्यात वेळ जातो. अशा वेळी रुग्णाला थेट आदिलाबादच्या रिम्स या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दुसऱ्या सरकारी दवाखान्यात न्या, आणि तो काय पितो, किती पितो, हे डॉक्टरांना न लाजता सांगा. शिंदी सोडायची तीही त्यांच्याच सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने.

व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे 14446. पुन्हा सांगतो, एक चार चार चार सहा. नंबर लिहून ठेवा.