पंप उतरवण्याआधी वायर बघा

मैत्रिणींनो, पाचगणीहून स्ट्रॉबेरी घेऊन निघालेली गाडी पसरणी घाटात बंद पडली, की माल नासतो आणि वर दुरुस्तीचं बिल येतं. दोन्हीचा हिशेब बऱ्याच घरांत आपणच लिहितो. म्हणून आज बोलूया डिझेल गाडीच्या वायरिंगबद्दल.

डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी लागत नाही, मग विजेचा संबंध काय? जुन्या गाड्यांच्या बऱ्याच पंपांवर सोलेनॉइड असतो. त्याचा करंट तुटला, की तो डिझेल अडवतो.

खूण लक्षात ठेवा. गाडी आचके देत बंद पडली, तर आधी डिझेल फिल्टर आणि लाइनमधली हवा बघायची. चावी फिरवल्यासारखी एकदम बंद पडली, तर आधी वायरिंग.

सगळ्यात आधी हँडब्रेक आणि चाकाला दगड. मग बॅटरीचे टर्मिनल सैल आहेत का, अर्थची वायर आणि फ्यूज ठीक आहेत का, ते बघा. इंजिन सुरू न करता चावी ऑन करा. पंपापाशी ‘टक्’ वाजलं नाही, तर करंट पोचत नाही किंवा सोलेनॉइड बिघडलाय. त्याच्या वायरला टेस्ट लॅम्प लावून वायर हलवा; दिवा लुकलुकला, तर वायर तुटलीय किंवा सैल आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार कधीच नको, गाडी पेटू शकते.

नव्या गाडीत सेन्सर असतात, तिथे स्कॅनर लागतो. पण गाडी कुठलीही असो, “पंप उतरवतो” म्हटलं, की विचारा, “दादा, वायरिंग तपासलंत का?”