गौरीच्या घरात मज्जाव कोणाला?

(गौरी आवाहनाच्या आदल्या सायंकाळी कसबा पेठेतील एका वाड्याच्या चौकात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कसबा पेठेत उभे राहून गौरीविषयी बोलायचे म्हणजे लेकाच्या घरी जाऊन त्याच्या आईची ओळख करून देण्यासारखे आहे. येथून हाकेच्या अंतरावर ग्रामदैवत श्री कसबा गणपती आहे. शुभकार्याची पहिली अक्षत आजही त्याच्यापुढे ठेवली जाते. पलीकडे बुधवार पेठेत ग्रामदेवी तांबडी जोगेश्वरी. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत मानाचा पहिला कसब्याचा आणि दुसरा जोगेश्वरीचा गणपती. लहानपणी मला हे कोडे पडे, की मुलाचा मान आधी आणि आईचा मागून, हे कसे? माझी आई म्हणे, "अरे, गर्दीत मूल पुढे धरावे, म्हणजे नजरेसमोर राहते." मानाच्या क्रमाला इतिहास आहेच, परंतु आईचे हे उत्तर मला अधिक पटत आले आहे.

शिव-पार्वतीच्या संसाराकडे आपण आदर्श कुटुंब म्हणून पाहतो. पण या कुटुंबाची घडण कधी न्याहाळली आहे का? वराला ना आई, ना वडील, ना गोत्र. वस्तीला स्मशान. वधू हिमालयाची राजकन्या. आधीच्या जन्मी, सती असताना, पित्याने पतीचा अपमान केला म्हणून जिने यज्ञात देह टाकला, तीच पुन्हा त्याच पतीसाठी तप करते आणि झाडाची पानेही खाणे सोडून अपर्णा म्हणवते. परवाच्या हरितालिकेला आपल्या घरच्या मुलींनी वाळूचे लिंग पुजले ते या निर्धाराचे स्मरण म्हणून. मुलांचे पाहा. कार्तिकेय शरवनात प्रकटला आणि सहा कृत्तिकांनी त्याला दूध पाजले. गणेशाला तर पार्वतीने अंगीच्या मळापासून एकटीनेच घडवले आणि दाराशी बसवले. दोघांपैकी एकही तिच्या उदरी जन्मलेला नाही. तरी तिच्या आईपणाविषयी कोणी शंका घेतली आहे? दत्तक घ्यायचे म्हटले की ज्या घरांत आजही कुजबुज सुरू होते, त्यांनी गणपतीकडे एकदा या दृष्टीने पाहावे.

याच घरात बैलाशेजारी सिंह बांधलेला आहे, सापाशेजारी मोर आणि मोराच्या धन्याशेजारी उंदराचा धनी. रुसवेफुगवेही आहेत. दक्षिणेत सांगतात, की फळाच्या पैजेत धाकट्यावर अन्याय झाला म्हणून मुरुगन रागावून पळणीच्या डोंगरावर जाऊन राहिला. तिकडे तो वल्ली आणि देवसेना यांचा पती आहे. आपल्याकडे तोच कार्तिकस्वामी ब्रह्मचारी. तिकडे धाकटा, इकडे थोरला. बंगालमध्ये शरदात दुर्गा माहेरी येते ती चार मुलांना घेऊन, आणि त्यांत लक्ष्मी व सरस्वती तिच्या लेकी असतात! आपल्या ज्येष्ठा-कनिष्ठांनाच मराठवाड्यात, विदर्भात महालक्ष्म्या म्हणतात. देशभर एकच कुटुंब आहे, पण प्रत्येक प्रांताने त्यात आपल्या घरचे नाते पाहिले. कोणी कोणाला खोटे ठरवले नाही. हिंदू समाजाची ही लवचीकता मला आपल्या सामर्थ्याचा गाभा वाटते.

मग मला विचारायचे आहे, इतक्या मोकळ्या मनाच्या या घरात मज्जाव कोणाला आहे?

मी शाळेत असताना वडील गेले. त्यानंतर पुढची कित्येक वर्षे आमच्या घरच्या गौरींचे सारे काही आईने केले. मुखवटे चिंचेने घासून लखलखीत करणे, साड्यांच्या निऱ्या, पहिल्या दिवशीची भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशीचे पुरण आणि सोळा भाज्या. आवाहनाची वेळ झाली की मात्र ती स्वयंपाकघराचे दार अर्धे लोटून आत बसे. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना खिरापत तिच्याच हातची मिळे, पण वाटी दुसऱ्याच कोणाच्या हातात असे. तिला कोणी दटावले नव्हते. ती आपली आपणच बाजूला झाली होती, आणि आम्ही तिला कधी बोलावले नाही. सुशिक्षित मुले होतो. व्यासपीठांवरून मातृशक्तीवर बोलतही होतो. २०११ साली ती गेली.

या पेठेत हे बोलण्याला कारण आहे. आदिलशाही फौजेने उजाड केलेल्या पुण्यात कसबा गणपतीचे देऊळ उभे केले ते राजमाता जिजाऊंनी, असे परंपरा सांगते. लाल महाल येथून चार पावलांवर आहे. जानेवारी १६६४मध्ये शहाजीराजे निवर्तले. त्यानंतरची दहा वर्षे आठवा. १६६६मध्ये महाराज आग्र्यात अडकले असताना राज्याची घडी सांभाळली ती त्या मातेने. ६ जून १६७४ला राज्याभिषेक पाहिला आणि अकरा दिवसांनी देह ठेवला. स्वराज्याची ही दहा वर्षे एका विधवा मातेच्या आशीर्वादाखाली गेली. त्यांना आपण गौरीपुढून उठायला सांगितले असते का?

कोणी म्हणेल, ज्येष्ठा गौरीच्या कहाणीत गरीब ब्राह्मणाला भेटते ती म्हातारी सवाशीणच आहे. मान्य. पण दशमहाविद्यांतील धूमावती ही विधवेच्या रूपातच पुजली जाते, हेही आपल्याच परंपरेत आहे. देवीला ते रूप अशुभ वाटले नाही. आणि काळानुरूप जुने टाकणे हा काही बाहेरून आणलेला विचार नव्हे. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे बंद केले. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. ठराव एका खेड्याने केला, पुण्याने नव्हे, याची मला थोडी लाज वाटते.

आमचे थोरले बंधू २०२१च्या करोनात गेले. पुढच्या वर्षी गौरी आमच्या फ्लॅटवर आल्या. मी आणि माझी पत्नी वहिनींना म्हणालो, "यंदा पहिले हळदीकुंकू तुम्ही वाहायचे." त्या एकदम मागे सरल्या. "नको हो भाऊजी. वर्षभरात कोणाचे काही झाले तर माझ्यावर येईल." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुराणातले दाखले देऊन ती भीती जात नाही, हे मला त्या दिवशी कळले. ती भीती त्यांच्यात आम्हीच, पिढ्यानपिढ्या, घातलेली. त्या वर्षी त्या स्वयंपाकघरातच राहिल्या. दार मात्र लोटू दिले नाही.

दुसऱ्या वर्षी माझ्या मुलीने हट्ट धरला. वहिनींनी अट घातली, की बायका यायच्या आत. सकाळी सातला त्या न्हाऊन आल्या, करंड उघडला, ज्येष्ठेला कुंकू लावले, कनिष्ठेला लावले. मग बराच वेळ तिथेच पाटावर बसून राहिल्या. दारावरची बेल वाजली तेव्हा उठू लागल्या, तर शेजारच्या आजी आत येऊन म्हणाल्या, "बसा हो, बसा. आणि आधी मला कुंकू लावा."