सिकलसेल आणि दांपत्यजीवन

विवाह ठरवितांना महाराष्ट्रांतील कुटुंबें पुष्कळ चौकशी करतात. कूळ, शिक्षण, मिळकत, स्वभाव, प्रसंगीं पत्रिकाही, सारें पाहिलें जातें. रक्ताचा प्रश्न मात्र बहुधा कोणी काढीत नाहीं. आणि विवाहानंतर शय्यागृहांतील अडचणींविषयीं बोलण्याची तर चालच नाहीं. या दोन मौनांत ज्यांचा संसार चेंगरतो, त्या सिकलसेल नांवाच्या आजारानें ग्रस्त अशा स्त्री-पुरुषांच्या जिव्हाळ्याच्या जीवनाविषयीं आजचें हें भाषण आहे.

'सिकल' म्हणजे विळा. निरोगी तांबडी रक्तपेशी वाटोळी व लवचिक असते आणि अति सूक्ष्म वाहिन्यांतूनही सहज निसटते. या आजारांत प्राणवायु कमी पडतांच पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वांकते. अशा पेशींनीं वाहिनीची वाट अडली कीं हाडांत, सांध्यांत, छातींत असह्य कळा येतात. १९१० सालीं शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तांतील अशा पेशींचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, दोष हिमोग्लोबिनच्या रेणूंतच आहे. भारतांत १९५२ सालीं नीलगिरीच्या आदिवासींत हा विकार आढळला, आणि त्याच दशकांत नागपूरकडेही त्याची नोंद झाली. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांना तो आज नांवानिशीं ठाऊक आहे.

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट झालेली बरी. हा आजार संसर्गजन्य नाहीं. स्पर्शानें, एका ताटांत जेवण्यानें अथवा शरीरसंबंधानें तो पतीपासून पत्नीस किंवा पत्नीपासून पतीस होत नाहीं. तो केवळ मातापित्यांकडून अपत्याकडे येतो.

पूर्वीं असे रुग्ण बहुधा बालपणींच दगावत. लसी, प्रतिजैविकें आणि हायड्रॉक्सियुरियासारखीं औषधें यांमुळें आतां पुष्कळ जण प्रौढ वयास पोंचतात. वैद्यकानें त्यांना तारुण्याच्या दारापर्यंत आणून सोडलें; पण आंत काय आहे, हें त्यांना कोणी सांगितलें नाहीं. दवाखान्यांत कळांची व रक्ताच्या प्रमाणाची चौकशी होते; संसार कसा चालला आहे, असें क्वचितच विचारलें जातें, आणि रुग्णालाही तो विषय काढण्याचा संकोच वाटतो.

अडचणींची सुरुवात पौगंडावस्थेंतच होते. या मुलामुलींना वयांत येण्यास बहुधा एकदोन वर्षें विलंब लागतो. मिसरूड न फुटलेल्या मुलाची वर्गांत थट्टा होते. मुलीची पाळी लांबली कीं घरांत कुजबुज होते. शरीर पुढें बरोबरी साधतें. आपण इतरांसारखे नाहीं हा समज मात्र विवाहाच्या मंडपापर्यंत सोबत येतो.

विवाहानंतर भीति असते ती कळांची. अतिश्रम, थंडी, शरीरांतील पाण्याची तूट आणि मनस्ताप हीं कळांचीं ठाऊक असलेलीं निमित्तें होत. म्हणून कांहीं जोडपीं समागमच वर्ज्य मानतात. वैद्यकाची तशी आज्ञा नाहीं. पुरेसें पाणी पिणें, खोली उबदार राखणें, थकव्याची वेळ टाळणें आणि घाई न करणें, एवढ्या साध्या काळजीनेंही पुष्कळांची भीति कमी होते. खुब्याचें हाड रक्ताअभावीं झिजलें असेल, तर त्या सांध्यावर भार न येईल अशी सोयीची रीति दोघांनीं मिळून शोधावी. नको असलेल्या दिवशीं नुसतें शेजारीं पडून हात हातांत घेणें हाही दांपत्यसुखाचाच भाग आहे. खरा घात होतो तो न बोलण्यानें. पत्नी 'आज नको' म्हणते तेव्हां तिची कंबर ठणकत असते, आणि पति समजतो कीं तिचें मन उडालें. दीर्घ आजारानें आलेली उदासी व वेदनाशामक औषधें यांनींही इच्छा मंदावते. त्याचा अर्थ प्रेम आटलें असा नव्हे.

पुरुषांची एक व्यथा तर अगदींच दडपली जाते. कामेच्छा नसतांही इंद्रियास वेदनायुक्त ताठरता येते, बहुधा रात्रीं किंवा पहाटे. विळ्यासारख्या पेशींनीं तेथील रक्ताची परतीची वाट अडविल्यामुळें असें घडतें. तो वासनेचा दोष नव्हे. थोड्या वेळांत ओसरणारा प्रकार लघवी करणें, पाणी पिणें, थोडें चालणें यांनीं थांबूं शकतो. बर्फ लावूं नये. थंडीनें विकार वाढतो. दोन तासांत ताठरता न उतरल्यास लाज सोडून रुग्णालय गांठावें. चार तासांहून अधिक विलंब झाल्यास पेशीजाल नासून कायमचें नपुंसकत्व येऊं शकतें. हे झटके वारंवार येत असतील, तर ते थोडक्यांत आटोपले तरी डॉक्टरांना सांगावेत. हें ज्ञान पत्नीलाही हवें. कारण मध्यरात्रीं 'चला' असें म्हणणारें माणूस बहुधा तीच असते.

स्त्रियांपैकीं कित्येकींना पाळीच्या दिवसांत कळा अधिक येतात. गर्भारपण त्यांना शक्य आहे, पण जोखमीचें असतें. आरंभापासून मोठ्या रुग्णालयाची देखरेख हवी. म्हणून संततीची वेळ ठरविणें ही येथें चैन नव्हे. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या रक्तांत गुठळी होण्याचा धोका वाढवितात, यास्तव त्या परस्पर घेऊं नयेत. केवळ प्रोजेस्टेरॉन-वर्गाचीं साधनें बहुधा अधिक सुरक्षित ठरतात. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्या पति-पत्नींनीं अपत्याचा विचार कांहीं महिने आधींच डॉक्टरांना कळवावा. या औषधानें पुरुषाच्या शुक्रजंतूंची संख्या घटूं शकते.

आतां संततीचें गणित. ज्याच्याकडे एकच सदोष जनुक असतो, तो वाहक. तो सामान्यतः निरोगी असतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस रुग्ण अपत्याची शक्यता चारांत एक, वाहकाची चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष अपत्याची चारांत एक असते. पहिलें मूल आजारी झालें म्हणून पुढलीं तीन सुटतात, असें नव्हे. एक रुग्ण व दुसरा निर्दोष असल्यास सर्व अपत्यें वाहक होतात, रुग्ण होत नाहींत. एक रुग्ण व दुसरा वाहक असल्यास निम्मी शक्यता रुग्णाची. यांतच एक सामाजिक न्याय दडलेला आहे. सिकलसेलचे दोन जनुक असलेल्या बालकानें एक मातेकडून आणि एक पित्याकडून घेतलेला असतो. तरीही दोष देतांना बोट सुनेकडेच वळतें, आणि कित्येकदां तिची माहेरीं पाठवणी होते. रक्ताची साक्ष या अन्यायाच्या विरुद्ध आहे.

१ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. सात कोटि लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हें तिचें उद्दिष्ट. बोटांतून घेतलेल्या रक्तावर प्राथमिक चांचणी होते व मग पक्की. पण कार्ड पेटींत दडवून ठेवलें, तर तपासणीचा उपयोग काय? दोन वाहकांनीं विवाह करूं नये असा हुकूम विज्ञान देत नाहीं. ते करोत, परंतु जाणून करोत. गर्भाची आरंभींच्या महिन्यांत तपासणी करून घेण्याचा मार्गही त्यांना खुला आहे. आणि ज्याला ही माहिती विश्वासानें सांगितली गेली, त्यानें ती गांवभर करूं नये, हें पथ्य ऐकणाऱ्याचें.

साखरपुड्याच्या याद्या होण्यापूर्वीं वर-वधूंनीं ही गोष्ट स्वतः, मध्यस्थाच्या तोंडून नव्हे, एकमेकांस सांगावी. त्या बोलण्यानें एखादें स्थळ मोडेलही. पण जें जुळेल, त्यांतील मुलीला पहिल्या कळेच्या रात्रीं उशींत तोंड खुपसून पडावें लागणार नाहीं. ती नवऱ्याला हांक मारूं शकेल.