पाळण्यासाठी टॅरँटुलाची निवड
(रेडिओवरील भाषण)

मोठ्या, केसाळ आणि जड अंगाच्या कोळ्यांना जगभर टॅरँटुला म्हणतात. प्राणिशास्त्रात हे कोळी थेराफोसिडी या कुलात मोडतात आणि या कुलातील हजाराहून अधिक जातींचे वर्णन आजवर झाले आहे. भिंतीच्या कोपऱ्यात जाळे विणणाऱ्या कोळ्यांपेक्षा त्यांची घडण निराळी असते: त्यांचे विषदंत आडवे येऊन एकमेकांवर मिटत नाहीत, तर समांतर राहून वरून खाली उतरतात, श्वसनासाठी पोटाच्या खालच्या अंगाला पुस्त-फुप्फुसांच्या, म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या थरांनी बनलेल्या श्वसनेंद्रियांच्या, दोन जोड्या असतात, आणि भक्ष्य पकडण्यासाठी ते जाळ्यावर विसंबत नाहीत, तर बिळाच्या तोंडाशी किंवा झाडाच्या ढोलीत दबा धरून बसतात. असा प्राणी काचेच्या पेटीत पाळण्याचा छंद महाराष्ट्रातही रुजला आहे. विक्रेत्याने पाठवलेली रंगीत छायाचित्रे मोबाइलवरून मुंबई-पुण्याइतकीच सहज इगतपुरीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावातही पोहोचतात, आणि त्या छायाचित्रांतून कोणती जात निवडावी हा प्रश्न तेथे पडतो. या प्रश्नाचे उत्तर बहुधा रंगावरून आणि किमतीवरून दिले जाते. वास्तविक कोळी कोणत्या भूमीतून आणि कोणत्या मार्गाने आला, आणि तो ज्या घरात राहणार आहे त्या घरातील हवा त्याला मानवेल का, या दोन गोष्टींचा उलगडा झाल्यावाचून रंगाकडे पाहणे प्राण्याच्या दृष्टीने घातक आणि ग्राहकाच्या दृष्टीने धोक्याचे ठरते.

भूमीचा विचार प्रथम करावयास हवा, कारण इगतपुरी ज्या सह्याद्रीत वसली आहे तो सह्याद्री या कोळ्यांचे मूळ घर आहे. रेजिनल्ड पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ आणि १९०० या दोन वर्षांत पश्चिम भारतातील अनेक टॅरँटुलांचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. माथेरानवरून ज्ञात झालेला हॅप्लोक्लास्टस व्हॅलिडस हा त्यांपैकीच एक असून तो जमिनीत बीळ करतो आणि बिळाच्या तोंडावर रेशीम व माती यांचे झाकण बसवतो. जातींच्या वर्णनाचे हे काम पूर्ण झाले असे मात्र नाही. मुंबईच्या आरे वसाहतीतून हेटेरोफ्रिक्टस आरेएन्सिस ही नवी जात झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी २०१४ मध्ये जगासमोर आणली, म्हणजे कोट्यवधी माणसांच्या महानगराच्या पोटात राहणारा हा प्राणी एकविसाव्या शतकापर्यंत शास्त्राला अपरिचित होता. घाटातील ओढ्यांचे काठ, मुरमाचे उतार आणि भातखाचरांच्या वरच्या अंगाचे न नांगरलेले बांध यांत आणखी किती जाती दडल्या असतील याचा हिशोब अजून लागायचा आहे.

विक्रेता जेव्हा ‘हा आपल्याच घाटातला आहे’ असे सांगून स्वस्तात कोळी देऊ करतो, तेव्हा ग्राहकाने तो न घेणे हेच योग्य होय, आणि त्यामागील कारण या प्राण्यांच्या जीवनक्रमात आहे. बीळ करणारी मादी बहुतेक सारे आयुष्य एकाच बिळात काढते. तिची पिल्ले इतर अनेक कोळ्यांच्या पिल्लांप्रमाणे रेशमाच्या धाग्यावर तरंगत दूर जात नाहीत, तर चालत जाऊन मातेच्या बिळापासून थोड्याच अंतरावर आपले बीळ खोदतात. त्यामुळे एखाद्या उतारावर वीस-पंचवीस बिळे दिसली तरी त्यांवरून ही जात सर्वत्र विपुल आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण शेजारचे टेकाड पूर्ण मोकळे असू शकते. एका दुपारी कुदळ घेऊन आलेला संग्राहक, म्हणजे विक्रीसाठी प्राणी गोळा करणारा माणूस, ती संपूर्ण वस्ती उचलून नेऊ शकतो, आणि प्रौढ होण्यास अनेक वर्षे घेणाऱ्या प्राण्याची अशी वस्ती पुन्हा भरून येण्यास फार मोठा काळ लागतो. महामार्ग, बोगदे आणि बंगल्यांचे प्रकल्प यांसाठी इगतपुरी तालुक्यातील उतार आधीच कापले जात आहेत. त्यात छंदाची भर पडू नये. राखीव वनातून वन्य प्राणी उचलून नेण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ याचीही आडकाठी आहे, हे येथे नोंदवले पाहिजे.

भारतीय टॅरँटुलांपैकी जगाच्या बाजारात सर्वाधिक मागणी असलेली जात म्हणजे पोइसिलोथेरिया मेटालिका हा निळा कोळी, आणि त्याची हकिकत इगतपुरीसारख्या रेल्वेच्या गावातील श्रोत्यांना विशेष जवळची वाटेल अशी आहे. पोकॉक यांनी १८९९ मध्ये या जातीचे वर्णन केले ते आंध्रमधील गुत्ती रेल्वे स्थानकाच्या लाकडांच्या वखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे तो निसर्गात पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडल्याची नोंद झाली नाही. अखेर २००१ मध्ये गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटर पूर्वेला, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात तो आढळला, आणि पहिला नमुना बहुधा लाकडांबरोबर मालगाडीने गुत्तीस आला असावा असा तर्क त्यावरून केला जातो. त्याचे वसतिस्थान शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही कमी क्षेत्रात असल्याने निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००८ मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले, म्हणजे निसर्गातून नष्ट होण्याच्या अगदी उंबरठ्यावर असलेल्या जातींत त्याची गणना केली. विशेष असे की त्याचा निळा रंग हा रंगद्रव्याचा नसून केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होताना उमटणारा असतो. आणि याच रंगाने त्याच्यावर जगभरच्या खरेदीदारांची नजर वळवली.

पोइसिलोथेरिया हा संपूर्ण वंश, म्हणजे परस्परांशी निकट नाते असलेल्या जातींचा गट, २०१९ मध्ये सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट झाला. सायटिस हा संकटात सापडलेल्या वन्य प्राण्यांच्या व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार असून त्याच्या दुसऱ्या परिशिष्टातील जातींचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. मेक्सिकोतील तांबड्या गुडघ्याच्या कोळ्याचा ब्राकिपेल्मा हा वंशही याच परिशिष्टात आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तिने सायटिसच्या परिशिष्टांतील जातींसाठी चौथी अनुसूची निर्माण केली. त्या अनुसूचीतील जिवंत प्राणी ज्याच्याजवळ असेल त्याने त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. २०२४ च्या नियमांनुसार ती केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावरून करावी लागते, आणि प्राण्याचे हस्तांतरण, जन्म व मृत्यू यांचीही माहिती द्यावी लागते. सायटिसच्या याद्या सुमारे तीन वर्षांनी भरणाऱ्या परिषदेत बदलतात, म्हणून मागील वर्षी मुक्त असलेली जात या वर्षीही मुक्त असेल असे गृहीत धरता येत नाही. याद्यांबाहेरच्या परदेशी प्राण्याची आयातही परवान्याविना होत नाही. चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी जुलै २०२१ मध्ये पोलंडहून आलेले एक टपालाचे पुडके उघडले, तेव्हा त्यात चंदेरी कागद आणि कापूस यांत गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या कुप्यांमध्ये १०७ जिवंत कोळी निघाले आणि ते पोलंडला परत पाठवावे लागले. बाजारात कागदपत्रांशिवाय मिळणारे पिल्लू अशाच एखाद्या कुपीतून आलेले नाही याची खात्री देणारा पुरावा, म्हणजे आयातीचा परवाना, पैदास करणाऱ्याचे नाव असलेली पावती आणि आवश्यक तेथे नोंदणी क्रमांक, विक्रेत्याला दाखवता आला नाही तर बोलणे तेथेच थांबवावे.

कागदपत्रांची अडचण दूर झाल्यावर स्वभावाचा विचार येतो. आशिया व आफ्रिका या खंडांतील टॅरँटुला आणि अमेरिका खंडांतील टॅरँटुला यांच्या संरक्षणाच्या रीती भिन्न आहेत. अमेरिकेतील बऱ्याच जातींच्या पोटावर दाहक केस असतात. धोका जाणवताच कोळी मागच्या पायांनी ते झाडून हवेत उडवतो, त्यामुळे त्वचेला खाज सुटते आणि ते डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, पण चावण्याची वेळ क्वचित येते. आशियातील जातींना असे केस नसल्याने त्यांचा भर वेगावर आणि दंशावर असतो, आणि पोइसिलोथेरियाच्या दंशानंतर स्नायूंत वेदनादायक पेटके येतात, जे कधी कधी अनेक दिवस टिकतात. ज्या गावातून मोठ्या रुग्णालयासाठी नाशिकची वाट धरावी लागते तेथे, आणि विशेषतः मुले असलेल्या घरात, या वंशातील कोणताही कोळी असू नये. त्याचबरोबर कोणताही टॅरँटुला हातावर खेळवण्यासाठी नसतो: हात लावण्याने त्याला सुख होत नाही, आणि कमरेइतक्या उंचीवरून पडला तरी त्याचे मऊ पोट फुटून तो दगावू शकतो.

पुस्तकांत नवशिक्यांसाठी सुचवल्या जाणाऱ्या जाती समोर ठेवल्या की इगतपुरीची हवा आपला कौल देते, आणि परदेशी पुस्तकांतील सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही तो याच ठिकाणी. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, थळ घाटाच्या माथ्यावर असलेल्या या गावात जून ते सप्टेंबर या काळात पाऊस आणि धुके यांचा मुक्काम असतो. भिंतींना ओल येते, कपड्यांना बुरशीचा वास लागतो आणि दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. चिलीच्या कोरड्या प्रदेशातील ग्रॅमोस्टोला रोझिया हा गुलाबी झाक असलेला कोळी अत्यंत शांत म्हणून सर्वत्र सुचवला जातो, परंतु ओल्या मातीवर पाय टेकण्याचे तो टाळतो आणि पेटीच्या काचेला चिकटून राहतो. त्याची श्रावणातील अवस्था केविलवाणी होण्याची भीती असते. झाडावर राहणारे, गुलाबी पंजांचे अविक्युलारिया वंशातील कोळी अमेझॉनच्या दमट अरण्यातले असल्यामुळे येथे सुखी राहतील असे वाटण्याचा संभव आहे, पण त्यांना दमट हवेइतकाच वाहता वारा लागतो, आणि दारे-खिडक्या लावलेल्या पावसाळी घरातील कोंदट पेटीत त्यांची पिल्ले पाहता पाहता मरतात. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याजवळचा ब्राकिपेल्मा हॅमोराय, म्हणजेच तांबड्या गुडघ्यांचा प्रसिद्ध कोळी, अशा प्रदेशातून येतो जेथे पावसाचे काही महिने आणि दीर्घ कोरडा काळ असा क्रम आपल्यासारखाच चालतो. पेटीला आडव्या बाजूंनी भरपूर छिद्रे ठेवली आणि पावसाळ्यात पाण्याच्या उथळ वाटीशिवाय कोठेही ओलावा दिला नाही तर तो येथे तग धरू शकतो. मध्य अमेरिकेतील टिल्टोकॅटल अल्बोपायलोसस हा कुरळ्या केसांचा तपकिरी कोळी मात्र इगतपुरीच्या हवेला अधिक अनुरूप म्हणावा लागेल, कारण तो मुळात ओलसर जमिनीत बीळ करणारा आहे, थोड्या गारठ्याने किंवा दमटपणाने खचत नाही, मंद हालचालींचा आहे आणि बंदिवासात त्याची पैदास सहज होते. हा कोळी अलीकडेपर्यंत ब्राकिपेल्मा वंशातच गणला जात असे, म्हणून सायटिसची कागदपत्रे त्याच्याबाबतीतही मागावीत. त्याच्यापाशी झगझगीत रंग नाही आणि त्यामुळे विक्रेते त्याचे छायाचित्र क्वचितच पुढे करतात.

जात ठरल्यावर समोरचा प्राणी पाहावा. नर प्रौढ होताच त्याच्या मुखाजवळच्या, पायांसारख्या दिसणाऱ्या उपांगांची टोके फुगीर होतात आणि त्यानंतर तो साधारणतः वर्षभराच्या आसपास जगतो. असा नर ‘पूर्ण वाढलेला’ म्हणून स्वस्तात विकला जातो आणि ग्राहकाची निराशा होते. नखाएवढे पिल्लू पाण्याची कमतरता किंवा बुरशी यांनी सहज दगावते, म्हणून चार-पाच सेंटिमीटर पायपसाऱ्याचा कोळी हा मधला मार्ग सोयीचा आहे. पोट सुरकुतलेले आणि पाय अंगाखाली ओढलेले असतील तर प्राणी तहानलेला किंवा आजारी समजावा. पाठीवर पडून असलेला कोळी मात्र मेलेला नसतो, तर कात टाकत असतो, आणि त्या काळात पेटीत सोडलेली झुरळे व रातकिडे त्याच्याच मऊ अंगाचे लचके तोडू शकतात. टाकलेली कात विक्रेत्याने जपून ठेवली असेल तर तिच्या आतील बाजूवरून जाणकार नर-मादी ओळखतो, म्हणून ती मागण्यात संकोच करू नये.

मादी विकत घेणाऱ्याने आणखी एक हिशोब करावयाचा असतो. ब्राकिपेल्मा वंशातील मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते, म्हणजे दहावीतल्या मुलाने हट्टाने आणलेला कोळी त्याच्या शिक्षणात, नोकरीत आणि कदाचित लग्नानंतरही घरात असतो, आणि मुलगा पुण्याला किंवा परदेशी गेल्यावर त्याला खाऊ घालण्याचे काम आई-वडिलांवर येते. म्हणून घरातील सर्वांची संमती खरेदीच्या आधी घ्यावी. कंटाळा आल्यावर परदेशी कोळी त्रिंगलवाडीच्या रानात किंवा भावली धरणाच्या काठी सोडून देणे हा उपाय होऊ शकत नाही: तो तेथे मरू शकतो, आणि जगला तर त्याच्याबरोबर आलेली कृमी व बुरशी येथील बिळांतल्या देशी कोळ्यांपर्यंत पोहोचू शकते. नोंदणीकृत प्राणी दुसऱ्या जबाबदार पाळणाऱ्याकडे रीतसर हस्तांतरित करावा आणि तसा कोणी न मिळाल्यास इगतपुरीच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जाऊन पुढील व्यवस्थेची विचारणा करावी.